देवयानीताईचं बिऱ्हाड

ताईनं घर बदलायचं ठरवलं तेव्हा मला विचारलं नाही, सांगितलं. बँक सुटल्यावर तिचा फोन आला, "आशिष, जुळे सोलापुरात तळमजल्यावरचा फ्लॅट मिळतोय. उद्या व्यवहार पक्का करतेय. वेळ असेल तर ये."

ताई म्हणजे देवयानी, माझी थोरली बहीण. वय चौपन्न. विशीत असताना तिला आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग कडेकडेचं, आणि पंचविशीपर्यंत सगळंच गेलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता, डॉक्टरांनी हात टेकले. दोन वर्षं ती घरात बसून होती. त्यानंतर ब्रेल शिकली, बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली आणि आजवर एकदाही उशिरा पोचली नाही. शुक्रवार पेठेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आधी आईबाबांबरोबर आणि ते गेल्यावर नऊ वर्षं एकटी राहिली. त्या खोल्यांत ती अशी सराईत वावरायची की नवीन आलेल्या माणसाला पंधरा मिनिटं पत्ताच लागायचा नाही की हिला दिसत नाही.

आता मालकानं इमारत पाडायला काढली होती. मी ताईला म्हणालो होतो, "आमच्याकडे ये. वरची खोली रिकामीच आहे." सईची, म्हणजे माझ्या बायकोची, तर फार इच्छा होती. दोघींचं चांगलं जमतं.

"तुमच्याकडे माझं सगळं होईल रे," ताई म्हणाली. "पण विचारून विचारून होईल. चहाचा डबा कुठाय, पंख्याचं बटण कुठलं. या वयात मला विचारत जगायचं नाही."

माझ्या डोक्यात मात्र एकच चित्र होतं. अनोळखी घर, अनोळखी गल्ली, आणि मधोमध काठी घेऊन उभी असलेली माझी बहीण. दोन महिने मी त्या चित्राला घाबरत होतो.

दर रविवारी सकाळी मी तिला स्कूटरवरून नव्या फ्लॅटवर न्यायचो. घर रिकामं होतं. पहिल्या दिवशी ती बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं टाळी वाजवली. मग चार पावलं सरकून पुन्हा वाजवली. मला कसंतरीच झालं. शेजारचं दार उघडून कोणी बघेल, असं वाटलं. ती मात्र शांतपणे म्हणाली, "खोली लांबट आहे. उजव्या हाताला मोठी खिडकी आहे ना? तिकडून आवाज परत येत नाही."

त्यानंतर तिनं भिंती हातांनी चाचपल्या. सगळ्या. दाराच्या चौकटी, कड्या, नळ, ओट्याची धार. बिल्डरचा देखरेख करणारा माणूस शिवकुमार तेव्हा आमच्याबरोबर असायचा. अक्कलकोटकडचा. तोंडानं गोड, हातानं घाईचा.

"सगळं एकदम ओके आहे की मॅडम," तो दर पाच मिनिटांनी म्हणायचा.

न्हाणीघराच्या मागच्या भिंतीशी ताई थांबली. तळहात टेकवून उभी राहिली, मग वीतभर खाली, मग आणखी खाली.

"इथं गार लागतंय."

"सावलीची भिंत आहे मॅडम."

"शेजारची पण सावलीचीच आहे. ती कोरडी आहे."

शिवकुमारनं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मलाही वाटलं, ताईचं जरा जास्तच होतंय. पण ती हटली नाही. "फरशी काढून बघा. मी चुकले असेन तर परत बसवण्याचा खर्च माझ्याकडे," असं सांगून ती पुढच्या खोलीत गेली. पुढच्या रविवारी गेलो तर न्हाणीघराची भिंत फोडलेली होती आणि आतल्या पाइपाचा सांधा गळत होता. शिवकुमार खाली मान घालून उभा होता. नंतर हळूच म्हणाला, "मॅडम, वरचे तीन फ्लॅट अजून विकायचेत. त्यांच्या भिंतींवरनं पण एकदा हात फिरवता का?"

ताईनं फिरवला. दोन तास लागले. आणखी एक ओली जागा सापडली.

स्वयंपाकघराचा विचार तिनं सगळ्यात जास्त केला. ओट्यापाशी उभं राहायचं, हात पसरायचा, कोपरातून वाकवायचा, कुठवर सहज पोचतो ते बघायचं. घरी जाऊन ते सगळं ब्रेलमध्ये लिहायचं. एका फळीचं एक पान. जाड कागदांची ती चळत मी पाहिली होती, पण मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं आणि वाचून दाखव म्हणायचंही सुचलं नाही. मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, तिथं परीक्षेचं काम चाललं होतं, मी माझ्याच घाईत होतो.

सामान हलवायला धर्मपाल ठरला. हा मूळचा मंद्रूपचा, स्वतःचा छोटा हत्ती टेम्पो चालवतो. हमाली तो आणि त्याची दोन माणसं करतात, बांधाबांध त्याची बायको मीनाबाई करते. दोघं घर बघायला आले. धर्मपालनं खोल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "काय काळजी करू नका ताई. खोक्यांवर खडूनं मोटं मोटं लिवतो. किचन, हॉल, बेडरूम. गडबडच न्हाय."

"लिहा की," ताई म्हणाली. "पण मला कसं कळायचं?"

धर्मपाल बायकोकडे बघायला लागला. मीनाबाई मात्र हसली. "अवो, गाठी मारू की. सुतळीला एक गाठ म्हंजी सैपाकघर. दोन म्हंजी भायरची खोली. तीन म्हंजी झोपायची. आमच्या माणसांत एकाला नुसतं तेलुगू वाचता येतं, त्याला बी बरं पडंल."

"आणि काचेचं असेल तर?"

मीनाबाईनं क्षणभर विचार केला. "गाठीवर चिंधी बांधते. हाताला मऊ लागलं की जपून धरायचं."

मीनाबाई पूर्वी चादरीच्या कारखान्यात कडेच्या दशा वळून गाठी मारायची. दिवसाला शंभर-शंभर चादरींच्या. तिच्या बोटांना गाठ मारायला डोळे लागतच नव्हते. त्या दोघींचं तिथंच जमून गेलं.

दहा दिवस रोज संध्याकाळी मीनाबाई यायची. नव्या पेठेतल्या कापड दुकानांत ताईनं रिकामी खोकी आधीच सांगून ठेवली होती, ती मी रिक्षातून आणून टाकली. ताईचा नियम एकच होता. तिच्या हातातून गेल्याशिवाय एकही वस्तू खोक्यात जायची नाही. मी पहिल्या दिवशी कंटाळलो. एक एक चमचा काय हातात घ्यायचा? पण बघत राहिलो तेव्हा लक्षात आलं, ती नुसती वस्तू बघत नव्हती, घर निवडत होती. एकाच मापाच्या दोन पळ्या असतील तर एक बाजूला. झाकण सैल झालेला डबा बाजूला. बाबांचे तीन चष्मे तिनं एकेक करून उघडले, मिटले, आणि एका चष्म्याच्या दांडीवरून अंगठा फिरवत बराच वेळ बसली. ताई म्हणाली, "एक ठेवते. दोन देऊन टाका कुणाला उपयोगी पडले तर."

भिंतीवरचा आरसा उतरवताना मीनाबाईनं विचारलं, "ह्यो न्यायचा व्हय, ताई?"

"न्यायचा की. घरी येणाऱ्यांना लागतो."

मी आयुष्यभर त्या आरशात बघून भांग पाडला होता. तो तिनं माझ्यासाठी ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

जायचा दिवस रविवारचा होता. ठरलं असं की पहिल्या फेरीबरोबर मी आणि सईनं नव्या घरी जायचं आणि सामान उतरवून घ्यायचं. ताई शेवटपर्यंत जुन्या घरी थांबणार, खोल्या झाडून किल्ली मालकाच्या हातात देणार आणि दुसऱ्या फेरीबरोबर येणार. निघताना ती मला म्हणाली, "खोकी ज्या त्या खोलीत ठेवा. उघडू नका." मी जिना उतरलो तर वरून पुन्हा हाक आली, "आशिष, उघडू नका हं."

मी ऐकलं होतं. दोन्ही वेळा.

पहिली फेरी साडेअकराला उतरली. स्वयंपाकघराची चौदा खोकी ओट्याखाली नीट लागली. दुसरी फेरी एक वाजेपर्यंत यायला हवी होती. एक वाजला, दीड वाजला. धर्मपालचा फोन आला, आसरा चौकाच्या अलीकडे टेम्पोची क्लच वायर तुटलीय, मिस्त्री बोलावलाय, ताई आणि मीनाबाई झाडाखाली बसल्यात. मी स्कूटर घेऊन येतो म्हणालो, तर ताईनं मागून ओरडून सांगितलं, "येऊ नकोस. आम्ही भाकरी खातोय."

आम्ही दोघं खोक्यांशेजारी बसलो. सई उठून स्वयंपाकघरात गेली, परत आली.

"ताई दमून येणार," ती म्हणाली. "आल्यावर त्यांनी ही चौदा खोकी कधी लावायची? आपण निदान स्वयंपाकघर लावून ठेवू या ना."

मी म्हणायला हवं होतं की नको, तिनं सांगितलंय. मी म्हणालो, "लावू या."

सईला घर लावायची आवड आहे. दोन तास ती खपली. डबे उंचीप्रमाणे ओळीनं, मोठ्यापासून लहानापर्यंत. बरण्या दिसायला छान म्हणून वरच्या फळीवर. मी खोकी फोडत होतो, सुतळ्या कापत होतो. शेवटी आम्ही दारात उभं राहून बघितलं तेव्हा स्वयंपाकघर खरंच जाहिरातीतल्यासारखं दिसत होतं. सईनं पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "आल्यावर त्यांना किती बरं वाटेल."

साडेचारला टेम्पो आला. ताई पुढच्या सीटवरून उतरली, काठी टेकत आली, उंबऱ्यावर क्षणभर थांबली. मग काठी दाराशी ठेवून आत निघाली. काठी न घेता. मोजून सात पावलं, डावीकडे वळली, चार पावलं. ती ओट्यापाशी अगदी मधोमध पोचली. तिनं उजवा हात सरळ वर नेला, जिथं तिच्या हिशेबानं मोकळी फळी होती.

हात तेलाच्या बरणीला लागला. बरणी ओट्यावर आपटून खाली फुटली.

"हलू नका ताई!" सई ओरडली.

ताई हलली नाही. तेल तिच्या पावलांपर्यंत आलं. मीनाबाईनं धावत येऊन काचा गोळा केल्या आणि फडकं टाकलं. ताईचा हात अजून वरच होता. तो तिनं सावकाश त्या फळीवरून फिरवला, मग खालच्या. तिचा चेहरा बदलत गेला.

"कोणी लावलं हे?"

"मी, ताई," सई म्हणाली. "तुम्ही दमून याल म्हणून..."

"मी नको म्हणाले होते. दोनदा. तुमच्या घरी येते तेव्हा मी तुमचे डबे हलवते का? आंधळीचं घर म्हणजे काय कुणीही येऊन लावायचं?"

हा शब्द ताई कधी वापरत नाही. सईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला राग आला. "अगं, इतकं काय झालं त्यात? दोन तास राबलीये ती तुझ्यासाठी."

ताई माझ्याकडे वळली. "आशिष, मीठ दे."

"काय?"

"मीठ दे काढून. तूही होतास ना लावायला?"

मी वरचं कपाट उघडलं. खालचं उघडलं. एक डबा काढला तर त्यात साखर निघाली. दुसऱ्यात रवा. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझे कान तापत होते. शेवटी पोह्यांच्या डब्यामागं मीठ सापडलं.

"तुला दिसतंय," ताई म्हणाली. "तरी इतका वेळ लागला." तिच्या आवाजात आता राग नव्हता, दमल्यासारखं काहीतरी होतं. "मला या घरात रोज सकाळी घाई असणार आहे रे. साडेनऊच्या आत बँकेत."

मी मिठाचा डबा ओट्यावर ठेवला. मग ताई सईच्या दिशेनं वळली.

"सई, रागानं बोलले ते चुकलं. तुझं मन मला कळतं. पण हे सगळं परत खाली काढावं लागेल. त्याला इलाज नाही."

सईनं डोळे पुसले. मला वाटलं, ही आता दुखावली जाऊन घरी निघेल. ती पदर खोचून पुढं आली. "कुठून सुरुवात करू सांगा."

मीनाबाईनं जमिनीवर एक जाडजूड चादर अंथरली. सगळे डबे तिच्यावर उतरवले. ताई पाटावर बसली, मांडीवर ब्रेलची पानं घेतली. बोटं पानांवरून फिरायची, ती एक नाव सांगायची, सई तो डबा तिच्या हातात द्यायची, ताई झाकण उघडून वास घ्यायची, डबा कानाशी हलवायची आणि जागा सांगायची. आणि सई प्रत्येक वेळी विचारायची, "हे असं का?" ताई न कंटाळता सांगायची.

"तूर आणि मूग हलवले की सारखेच वाजतात. म्हणून शेजारी ठेवायचे नाहीत. हरभरा वेगळा वाजतो, त्याला मध्ये घाल."

"मीठ आणि साखर एका फळीवर नको. सकाळी घाईत वास घ्यायला वेळ नसतो."

"काच कमरेच्या वर नको. धार असलेलं सगळं डाव्या खणात, मुठी माझ्याकडे. गरम भांडं उतरवायची जागा कायम उजवीकडे, तिथं दुसरं काही ठेवायचंच नाही."

मी कॉलेजात तीस वर्षं फायली लावतोय. रेकॉर्डरूमची व्यवस्था माझी म्हणून लोक नावाजतात. त्या संध्याकाळी ओट्याला टेकून उभा असताना मला कळलं की माझ्या बहिणीनं रविवारी रविवारी रिकाम्या भिंतींपुढे उभं राहून एक अख्खं घर मनात बांधून काढलं होतं. त्यातला कोपरान् कोपरा तिला ठाऊक होता. आम्ही जे लावलं ते त्या घराच्या अंगावर टाकलेलं सामान होतं. मी इतकी वर्षं तिच्या धिटाईचं कौतुक करत आलो होतो. ती किती विचार करून धीट होते, ते मी कधी बघितलंच नव्हतं.

एका जागी मात्र सईचं चाललं. मसाल्याचा डबा ताई ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात ठेवायला सांगत होती. सई म्हणाली, "ताई, तिथं फोडणीची वाफ जाते. मसाला ओलसर होईल. खिडकीच्या कडेला ठेवला तर?" ताईनं हात लांबवून बघितला, दोनदा. "पोचतोय की," ती म्हणाली आणि पानावरची ती ओळ नखानं घासून पुसून टाकली. सई एकदम खुलली.

तेवढ्यात धर्मपाल आणि त्याच्या माणसांनी पलंग, कपाट, पुस्तकांची खोकी जागच्या जागी लावली. कपाट ठेवल्यावर ताई येऊन त्याच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत चालून बघायची. एकदा म्हणाली, "चार बोटं मागं घ्या." धर्मपाल म्हणाला, "चार बोटांनी काय हुतंय ताई?" मीनाबाईनंच त्याला उत्तर दिलं, "खांद्याला लागतंय. सरकवा गपगुमान."

सात वाजता सगळं झालं. ताई उठली, गॅस पेटवला, चहाचं भांडं काढलं, पाणी मापलं, साखर घातली, आलं किसलं. त्या घरातला तिचा पहिला चहा. सात कपांचा. कोणी मदतीला पुढं झालं नाही, सईसुद्धा नाही. सगळे नुसते बघत होते. एकदाही तिचा हात चुकला नाही.

"चा लई फक्कड झालाय, ताई," धर्मपाल म्हणाला.

"आलं जास्त पडलंय," ताई म्हणाली. खरंच पडलं होतं.

त्या रात्री मुक्कामाला राहतो, असं मी तिला तीनदा म्हणालो. तिनं तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा आम्हाला हसत हसत दाराबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी तिच्या दारात होतो. दाराला कुलूप. फोन लावला तर ती म्हणाली, "दूध घ्यायला आलेय. कोपऱ्यावर." मी कोपऱ्यावर गेलो. एका छोट्या डेअरीपुढे ताई काठी काखेत धरून उभी होती आणि डेअरीवाल्या तानाबाईला विचारत होती, "तुमच्या पुढं कुठलं दुकान?"

"शिलाईचं. मग पिठाची गिरण, मग मेडिकल. मग रस्ता वळतोय."

"गिरणी कळली मला आवाजावरून. वळल्यावर काय?"

"वळल्यावर बसस्टॉप की. पण मधी गटाराचं झाकण उचकाटलंय, तितं जपा."

"उजव्या अंगाला का डाव्या?"

तानाबाई काउंटरमागून बाहेर आली, रस्त्यात उभं राहून स्वतः उजवं-डावं करून बघितलं आणि मग म्हणाली, "डाव्या. मी नगरसेवकाच्या माणसाला सांगते आजच. कितींदा सांगितलंय मेल्याला."

मी हाक मारली. ताईला माझं येणं अपेक्षितच असावं. दुधाची पिशवी माझ्या हातात देत ती म्हणाली, "आलाच आहेस तर एक काम कर. हे घरी ठेवू, मी डबा घेते, आणि बसस्टॉपपर्यंत चल. पण हात धरायचा नाही. मागून यायचं. चुकले तरी बोलायचं नाही, मला चुकून बघू दे."

साडेआठला आम्ही निघालो. मी दहा पावलं मागं. ती शिलाईच्या दुकानावरून गेली, गिरणीपाशी किंचित थबकून वास घेतला, मेडिकल ओलांडलं. वळणावर ती जरा जास्तच पुढं गेली आणि तिची काठी एका कुंपणाला लागली. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं कुंपण काठीनं दोनदा वाजवलं, मागं फिरली, रस्ता सापडला. उचकटलेल्या झाकणापाशी काठी खोल गेली तेव्हा ती थांबली, झाकणाची कड काठीनं पूर्ण फिरून बघितली आणि बाजूनं गेली.

स्टॉपवर शाळेत शिकवायला निघालेल्या एक बाई उभ्या होत्या. ताईनं त्यांना बसचा नंबर विचारला. पाच मिनिटांत दोघी बोलायला लागल्या. बस आली तेव्हा ताईनं माझ्या दिशेनं, म्हणजे मी साधारण जिथं असेन तिथं, हात हलवला आणि चढली.

मी तिथंच उभा राहून सईला फोन लावला.

"कशा आहेत ताई?" तिनं विचारलं.

"बसमध्ये बसली. खिडकीची जागा मिळाली."

"आणि तुम्ही?"

"मी अजून स्टॉपवरच आहे," मी म्हणालो. "येतो जरा वेळानं."